एका तिथीची सभा

“बाई, तारीख खरी की तिथी खरी, एवढं एका वाक्यात सांगा. भाषण नको.”

जानेवारी २०२४ मध्ये भोरच्या बाजारात भाजी घेताना माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला हे विचारलं. तो एका तरुण मंडळाचा कार्यकर्ता. शिवजयंतीची मिरवणूक १९ फेब्रुवारीला काढायची की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावरून त्यांच्यात दोन गट पडले होते आणि बोलाचाली भांडणावर आली होती. मी शाळेत इतिहास शिकवते, गावातल्या छोट्या इतिहास मंडळाची कार्यवाह आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. तारीख आणि तिथी, दोन्ही एकाच दिवसाची नावं आहेत. पण ते त्याने माझ्या शब्दावर मानलं असतं, दुसऱ्या गटाने दुसऱ्या कुणाच्या शब्दावर वेगळं काही मानलं असतं, आणि भांडण होतं तिथेच राहिलं असतं. भाजीची पिशवी घेऊन घरी पोचेपर्यंत मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचा विषय माझ्या मनात पक्का झाला होता. तो कार्यक्रम, त्याआधीची आमची काही वर्षं आणि त्यानंतर घडलेलं बरं-वाईट इथे सविस्तर लिहिते आहे. गावोगावी अशी मंडळं चालवणारे बरेच जण आमच्यासारखेच चाचपडत असतात, त्यांच्या हाती काहीतरी लागावं एवढीच इच्छा.

भरलेलं सभागृह

आमचं मंडळ नऊ माणसांचं. दोन शिक्षक, एक निवृत्त तलाठी, एक छायाचित्रकार, एक किराणा दुकानदार, बाकीचे शेती करणारे. दरवर्षी डिसेंबरात तीन दिवसांची व्याख्यानमाला असायची. पुण्याहून नावाजलेले वक्ते यायचे. वर्गणी, फ्लेक्स, ध्वनिक्षेपक, वक्त्यांची गाडी आणि मानधन, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, आभार. सभागृह भरायचं. पन्हाळ्याहून सुटका, आग्र्याहून सुटका, पावनखिंड हे विषय ठरलेले, आणि वक्त्याचा आवाज चढला की टाळ्या.

गर्दी होती म्हणून आपलं काम नीट चाललंय असं आम्हाला वाटायचं. मला पहिली शंका वर्गात आली. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारलं, काल काय ऐकलंत? त्यांनी वक्त्याचे संवाद हुबेहूब म्हणून दाखवले. मग विचारलं, हे सगळं आपल्याला कशावरून कळलं? वर्ग गप्प. एक मुलगा म्हणाला, “सरांनी सांगितलं म्हणून.” त्याचं चुकलं नव्हतं. आम्ही त्याला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

आणि आम्ही राहतो कुठे? रोहिड खोऱ्यात. डोक्यावर रोहिडा, म्हणजे विचित्रगड. शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याचं संस्थान इथलं, १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकलेलं. आंबवड्याला कान्होजी जेध्यांची समाधी. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा विजापूरचं फर्मान हातात असूनही ज्यांनी वतनावर पाणी सोडलं आणि महाराजांच्या बाजूला उभे राहिले, ते कान्होजी. त्यांचं कारी गाव आमच्याच तालुक्यात. एवढं सगळं अंगणात असताना वर्षानुवर्षं आमच्या व्यासपीठावर या खोऱ्यातला एकही कागद आला नव्हता.

व्याख्यानमाला वाईट असते असं मला म्हणायचं नाही. महाराष्ट्राला ऐकायची सवय तिनेच लावली. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये, आणि तिच्याकडे पाहून लहान-मोठ्या कितीतरी गावांनी आपापली माळ ओवली. तिथे विचार ऐकायला लोक येतात, वक्ता मोठा असतो आणि असावाही. पण इतिहासाच्या मंडळाला आणखी एक वाट मोकळी आहे. तीही पुण्यातच सापडते, आणि तिची आठवण आमच्यातल्या निवृत्त तलाठी काकांनी करून दिली.

७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. राजवाड्यांनी त्याआधीच, १८९८ पासून, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापायला सुरुवात केली होती. वाड्यांचे माळे, देवळांतले पेटारे, वाण्याकडे पुड्या बांधायला निघालेली दप्तरं, असे कुठून कुठून त्यांनी कागद वाचवले. मंडळाच्या पाक्षिक सभांची रीत साधी. कुणीतरी एक टिपण वाचायचं, बहुतेकदा नव्याने सापडलेल्या कागदावरचं. ऐकणाऱ्यांनी शंका काढायच्या. जे टिकेल ते इतिवृत्तात, संमेलनवृत्तात, पुढे त्रैमासिकात छापायचं. तिथे टाळ्यांपेक्षा शंकेला मान होता. छापून आलेल्या टिपणावर पुन्हा कुणी उलट टिपण लिहू शकत होतं, आणि लिहीतही होतं.

तलाठी काका म्हणाले, “बाई, आपण दरवर्षी वसंत व्याख्यानमालेची नक्कल करतो. एकदा पाक्षिक सभेची करून बघू.”

कागद कोणता घ्यायचा

विषय बाजारातच ठरला होता, आणि कागदही जवळच्याच गावचा निघाला: जेधे शकावली.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा, याबद्दल बखरींत मेळ नव्हता. शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ साल, हे सर्वांत रूढ मत. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात मे १६२७ लिहिलं आणि इंग्रजी शाळांतून तेच पाठ झालं. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये केसरीतून या प्रश्नाची चर्चा केली होती. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातली एक शकावली त्यांच्या हाती आली, आणि १९१६ मध्ये ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चौथ्या संमेलनाच्या वृत्तात त्यांनी प्रसिद्ध केली.

शकावली म्हणजे वर्षवार नोंदींची यादी. शक, संवत्सर, तिथी आणि काय घडलं ते, एक-दोन ओळींत. जेध्यांची शकावली शके १५४० पासून शके १६१९ पर्यंत जाते. तिच्यात वर्णन नाही, स्तुती नाही, कुणाचं भाषण नाही. आणि तिच्यात शिवजन्माची नोंद आहे: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, वर घटी-पळं, ठिकाण शिवनेरी.

कागद छापून निघाला आणि प्रश्न मिटला, असं मात्र झालं नाही. अकरा वर्षांनी, १९२७ मध्ये, शिवजन्माची त्रिशताब्दी जुन्याच सालाप्रमाणे साजरी झाली. त्याच वर्षी सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरात सापडलेलं कवींद्र परमानंदाचं शिवभारत छापलं. परमानंद महाराजांच्या काळातला, आणि त्याच्या संस्कृत काव्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच होती. जोधपूरकडे एका ज्योतिष्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच तिथीशी जुळली. मावळ, तंजावर, राजस्थान. एकमेकांना न विचारता तीन साक्षीदारांनी एकच दिवस सांगितला. शासनाने १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली, आणि शासकीय जयंतीसाठी १९ फेब्रुवारी ठरायला २००१ साल उजाडलं. एका कागदाला व्यासपीठापासून दिनदर्शिकेपर्यंत पोचायला पंचाऐंशी वर्षं लागली. मला ही दिरंगाई वाटत नाही. इतक्या मोठ्या माणसाच्या जन्मदिवसाला इतकी तपासणी हवीच होती.

विषय सांगितल्यावर मंडळात पहिली प्रतिक्रिया काळजीची आली, आणि तिला कारण होतं. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वास्तूवर हल्ला होऊन तिथल्या पोथ्या-कागदांची नासधूस झाली, हे आमच्या पिढीने वर्तमानपत्रात पाहिलं आहे. महाराजांच्या नावाने जाहीर सभा, त्यात दोन गट आधीच तापलेले. किराणा दुकानदार काका म्हणाले, “पोलिसांना कळवून ठेवू.” कळवलंही. पण बंदोबस्तापेक्षा सभेच्या मांडणीचाच उपयोग जास्त होईल असं आम्हाला वाटलं, आणि त्यावर आम्ही दोन संध्याकाळी बसलो.

ठरलं ते असं. व्यासपीठ नाही, सतरंज्या आणि काठाने खुर्च्या, सगळे गोलाकार. प्रमुख पाहुणे नाहीत. शिवचरित्रप्रदीप या १९२५ च्या संग्रहात शकावली बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेली आहे, तिच्या संबंधित पानाची झेरॉक्स प्रत दोघांत एक. एक फळा, एक जुनं पंचांग, एक नवं पंचांग. पहिला अर्धा तास फक्त वाचन, मत कुणीच द्यायचं नाही, मीसुद्धा नाही. नंतर ज्याला बोलायचं त्याने पानावरच्या एखाद्या शब्दावर बोट ठेवूनच बोलायचं. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माणूस कागदावर बोट ठेवून बोलायला लागला की आवाज आपोआप खाली येतो.

दुसरा रविवार

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. शाळेचा हॉल. व्याख्यानमालेच्या मानाने माणसं कमी, पण दोन्ही गटांतली पोरं आली होती आणि समोरासमोर बसली होती. काही जण फेटे बांधूनच आले होते.

वाचन सुरू झालं. बाळबोध असूनही भाषा अडखळवते. “उपजले” या शब्दावर एक मुलगा थांबला, शेजारच्या आजींनी सांगितलं, “जन्मले रे. आम्ही अजून म्हणतो, वासरू उपजलं.” त्या एका वाक्याने हॉल सैल झाला.

सुरुवात मात्र आम्ही शिवजन्मापासून केली नव्हती. शकावलीची पहिलीच नोंद औरंगजेबाच्या जन्माची आहे: शके १५४०, कार्तिक वद्य प्रतिपदा. मी विचारलं, ही नोंद बरोबर की चूक, हे कसं तपासाल? औरंगजेबाचा जन्म फारसी साधनांत १५ जिल्काद १०२७ हिजरी असा येतो. हिजरी महिना चंद्रदर्शनापासून मोजतात, म्हणजे पंधरावा चंद्र पौर्णिमेच्या आगेमागे पडतो. आमच्याकडची वद्य प्रतिपदाही तिथेच. साल दोन्हीकडे १६१८ येतं. मावळातल्या देशमुखाच्या घरातली यादी आणि दिल्लीच्या दरबाराच्या तवारिखा एका दिवसावर भेटतात. जिथे पडताळा घेता येतो तिथे यादी खरी उतरते, म्हणून जिथे घेता येत नाही तिथेही तिच्यावर थोडा अधिक भरवसा ठेवता येतो. हे समजायला पोरांना पाच मिनिटं लागली नाहीत. हॉलच्या मागच्या बाजूला काही मुस्लिम ज्येष्ठ मंडळी बसली होती. जिल्काद म्हणजे अकरावा महिना, हे त्यांतल्या एकांनी सांगितलं.

मग शिवजन्माची नोंद. “शुक्ल संवत्सर” म्हणजे काय, असा प्रश्न आला. आमचे एक निवृत्त गुरुजी उठले. ऐंशीच्या पुढचे. त्यांना साठ संवत्सरं तोंडपाठ. त्यांनी फळ्यावर चालू वर्ष लिहून घेतलं: शके १९४५, शोभन. मग म्हणाले, “यातून १५५१ वजा करा.” तीनशे चौऱ्याण्णव. “साठाची सहा आवर्तनं काढा.” उरले चौतीस. “आता शोभन हा सदतिसावा. चौतीस मागे या.” तिसरा. प्रभव, विभव, शुक्ल. हॉलमधून एकदम “अरे!” असा आवाज निघाला. गुरुजींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. लहानपणी संध्याकाळी परवच्यासोबत पाठ केलेली यादी जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीच्या घटनेची साक्ष तपासायला कामी आली होती.

आता वार. नोंद शुक्रवार म्हणते. अकरावीतल्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, इंग्रजी दिनदर्शिका दर चारशे वर्षांनी वारासकट तशीच फिरते, म्हणून १६३० साठी २०३० चं कॅलेंडर बघता येईल. तिने फोनवर २०३० चा फेब्रुवारी काढला. १९ फेब्रुवारी, मंगळवार. हॉलमध्ये कुजबुज झाली. एका फेटेवाल्याने लगेच विचारलं, “म्हणजे तारीख चुकीची?”

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. त्या काळात इंग्रज जुलियन पंचांग वापरत. आजचं ग्रेगोरियन पंचांग त्यांनी १७५२ मध्ये घेतलं. सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचं अंतर होतं. १९ फेब्रुवारी १६३० ही जुलियन तारीख आहे. आजच्या पंचांगाने तो दिवस १ मार्च १६३०. मुलीने पान पुढे सरकवलं. १ मार्च २०३०, शुक्रवार. तिने फोन वर धरून सगळ्यांना दाखवला.

पुढचा प्रश्न बाजारात भेटलेल्या त्या माजी विद्यार्थ्याचा. त्याने पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाई, म्हणजे या कागदात तारीख नाहीच?”

“नाही.”

“फक्त तिथी आहे.”

“फक्त तिथी. तारीख आपण काढली. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी लागला की ७९. फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतो, म्हणून १५५१ अधिक ७९.”

तो थोडा वेळ गप्प बसला. समोरच्या गटातल्या एकाने हसून म्हटलं, “बघ, तिथीच खरी!” त्यावर हा म्हणाला, “अरे, पण तिथी खरी आहे हे तू वारावरून तपासलंस, आणि वार काढला तारखेवरून.” मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

वादाचे प्रश्न आलेच. एका वयस्कर गृहस्थांनी १६२७ चा आग्रह धरला, त्यांच्या वडिलांनी त्रिशताब्दी पाहिली होती. त्यांना कुणी अडवलं नाही. फळ्यावर दोन रकाने केले आणि १६२७ म्हणणारी साधनं एका बाजूला, १६३० म्हणणारी दुसऱ्या बाजूला लिहिली, प्रत्येकापुढे ते साधन घटनेनंतर किती काळाने लिहिलं गेलं तेही. बखरी उशिराच्या, शिवभारत महाराजांच्या हयातीच्या काळातलं. गृहस्थ म्हणाले, “माझं मत मी बदलत नाही, पण तुमचा रकाना जड आहे हे कबूल.” त्यांनी दाखवलेला हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

एका तरुणीने त्याहून अवघड प्रश्न विचारला. ही शकावली जेध्यांच्या घरात नेमकी कुणी, केव्हा लिहिली? हाती आलेली प्रत तर नकलेची. नक्कल करताना चूक झाली नसेल कशावरून? याचं खात्रीचं उत्तर तिथे कुणाकडेच नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. म्हणूनच एका कागदावर न थांबता तंजावर आणि जोधपूरची साक्ष घ्यावी लागते, हेही सांगितलं. तिचा प्रश्न सभेच्या वहीत लिहिला, तिच्या नावासकट, पुढे जागा मोकळी ठेवून.

सभा अडीच तास चालली. आभारप्रदर्शन राहून गेलं.

त्या तरुण मंडळाने पुढे काय केलं, हेही विचारलं जातं म्हणून लिहिते. १९ फेब्रुवारीला मिरवणूक काढली. त्या वर्षी फाल्गुन वद्य तृतीया २८ मार्चला होती, त्या दिवशी सगळे मिळून आंबवड्याला समाधीवर गेले. वर्गणी एकच.

नंतर आलेले रुमाल

मला वाटलं होतं सभा झाली, काम झालं. खरं काम दुसऱ्या आठवड्यात दारात आलं.

एक शेतकरी दादा धोतराच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन शाळेत आले. “आमच्याकडंपण असलं काहीतरी आहे. वाचता येतंय का बघा.” मोडी. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आमच्यात मोडी येणारे फक्त तलाठी काका, आणि तेही अडखळत. त्यांनी तीन दिवस घेतले. शेतसाऱ्याच्या सुटीबद्दलचा कागद होता, आणि शेवटी साल लिहिलं होतं: खमस सबैन मया व अलफ. पाच, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतलं साल, ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४, आणि वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने १७७४-७५. दादांनी विचारलं, जूनमध्ये का? काका म्हणाले, “हे मृग साल. मृग लागला की नवं वर्ष.” दादा म्हणाले, “बरोबरच की. साल मृगापासूनच धरायला पाहिजे.” शेती करणाऱ्याला ते समजावून सांगावं लागलं नाही.

पुढच्या दर महिन्याच्या सभेला कुणाच्या तरी घरचा एक कागद वाचायचा, असं ठरलं. मंडळातल्या चौघांनी मोडी शिकायला घेतली. शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यातून सुरुवात झाली. पण घराघरांतून कागद बाहेर येऊ लागले तसं लक्षात आलं की लोकांचं कागदाशी नातं फक्त अभिमानाचं नाही. त्यात भीती खोल मुरलेली आहे. १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशन बसलं, तेव्हा इनाम टिकवायला सनदा दाखवाव्या लागल्या. ज्याच्याकडे कागद नव्हता त्याचं इनाम धोक्यात आलं. नंतर कुळकायदा आला, वतनं खालसा झाली. कागद दाखवला तर काहीतरी जाईल आणि नाही दाखवला तरी काहीतरी जाईल, असं दोन्हीकडून शिकलेली ही घरं. माळ्यावरचा गठ्ठा खाली काढणं त्यांच्यासाठी सोपं नसतं.

त्यातच २०२३ च्या शेवटी जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक मागणी आली. आमच्याकडेही लोक त्या आशेने येऊ लागले. कागदात जे आहे ते आम्ही वाचून दाखवू, पण आमचं वाचन म्हणजे दाखला नव्हे, त्यासाठी सरकारी कचेरीतच जावं लागेल, हे प्रत्येकाला आधी सांगायचा नियम केला. काही जण नाराज होऊन गेले. हवी ती ओळ सापडत नाही हे तोंडावर सांगणं जड जातं, विशेषतः समोरच्याच्या मुलाचं शिक्षण त्यावर अडलेलं असताना.

आणि याच काळात आमच्याकडून चूक झाली. मे महिन्याच्या सभेत एका घराचं जुनं वाटणीपत्र वाचलं. कागद देणाऱ्या घराने आनंदाने दिला होता. आमच्याच एका स्वयंसेवकाने त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, हेतू चांगलाच. त्यात दुसऱ्या भावकीच्या हिश्शाचा उल्लेख होता, आणि त्या शेताचा वाद कोर्टात चालू होता. दुसऱ्या दिवशी त्या भावकीतले थोरले आबा मंडळाच्या खोलीवर आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “बाई, तुम्ही आमच्या घराचा कागद चव्हाट्यावर मांडला. आम्हाला विचारलं का?”

विचारलं नव्हतं. एका घरचा कागद तीन घरांचा असू शकतो, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी माफी मागितली, फोटो काढायला लावला, पण तोवर तो पुढे गेलेला होता. परत आणता येणार नव्हता. सभा दोन महिने बंद ठेवली.

त्या दोन महिन्यांत नोंदवही नव्याने आखली. प्रत्येक कागदापुढे तीन रकाने: फक्त वाचायचा, नक्कल ठेवायची, की बाहेर दाखवायचा. मालकाची सही तिन्हींपुढे वेगवेगळी. कागदात ज्यांच्या घराण्यांची नावं येतात त्यांच्यापैकी माहीत असलेल्यांना सभेआधी कळवायचं. शंभर वर्षांच्या आतला जमिनीचा कागद जाहीर सभेत घ्यायचाच नाही, एवढंच नाही तर तो आमच्या खोलीत ठेवूनही घ्यायचा नाही. सभेत फोन टोपलीत. हे नियम कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाहीत. आबांच्या एका प्रश्नातून आले, आणि मला वाटतं ते पहिल्या दिवसापासून असायला हवे होते.

डिसेंबरची व्याख्यानमाला आम्ही बंद केलेली नाही. तीन दिवसांची एका दिवसावर आणली, आणि वक्त्याला बोलावताना एक विनंती करतो: तुमच्या विषयातला एक तरी कागद सोबत आणा, आणि शेवटचा अर्धा तास तो आमच्यासोबत वाचा. काहींनी नकार दिला. एका ज्येष्ठ अभ्यासकांनी उलट विचारलं, “आधी कागद वाचू आणि मग बोलू, चालेल?” त्या दिवशी त्यांचं भाषण दहाच मिनिटांचं झालं आणि वाचन दोन तास चाललं.

खर्चाचंही सांगते, कारण सगळेच विचारतात. महिन्याच्या सभेला झेरॉक्स आणि चहा, बाकी काही नाही. हॉल शाळेचा. वर्गणी मागायला आता आम्हाला फिरावं लागत नाही, पण मोडी नीट वाचणारी माणसं मिळवायला फिरावं लागतं, आणि ती उणीव अजून आहे. चौघांपैकी एकच जण सराईत झाला. तलाठी काकांची नजर आता साथ देत नाही.

पुढच्या जानेवारीत एका संध्याकाळी आबा पुन्हा खोलीवर आले. हातात लाल फडक्यातला गठ्ठा. त्यांनी आधी वही मागितली, तिन्ही रकाने बोटाने पाहिले आणि पहिल्यापुढेच सही केली. मग गाठ सोडली. “फोटो नको, नक्कल नको. इथंच वाचा, मला ऐकायचंय.” काकांना दिसत नव्हतं म्हणून नव्याने शिकलेल्या मुलाने दिव्याखाली कागद धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.